रेडिओ व्यत्यय मोजायचा आहे? आधी मोजणारं यंत्र ओळखा

घरात जुना मध्यम लहरींचा रेडिओ असेल तर लावा. दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेवर काटा आणा आणि पेटलेल्या स्वस्तातल्या एलईडी बल्बाजवळ रेडिओ न्या. सलग घरघर ऐकू येते. आता तोच रेडिओ फ्रिजजवळ ठेवून थांबा. थर्मोस्टॅट चालू-बंद होताना एकदाच 'टक्' होतं आणि पुन्हा सगळं शांत. व्यत्यय दोन्हीकडे आहे. पण बातम्या ऐकत बसलेल्या माणसाला बल्बाची घरघर असह्य होते आणि फ्रिजचं टक् त्याच्या ध्यानातही येत नाही.

रेडिओ व्यत्यय मोजणाऱ्या उपकरणांचं मानक या अनुभवातून सुरू होतं. विजेवर चालणाऱ्या वस्तू वाढल्या, रेडिओ घरोघरी पोहोचला आणि तक्रारी येऊ लागल्या. तेव्हा १९३३ साली पॅरिसमध्ये परिषद भरली आणि १९३४ साली तिथेच या विषयाच्या आंतरराष्ट्रीय समितीची पहिली बैठक झाली. तिच्या फ्रेंच नावाची आद्याक्षरं म्हणजे सिस्पर. आज ती आयईसीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाचा, भाग आहे. त्या काळात प्रत्येक देशाचं मोजण्याचं यंत्र वेगळं होतं, त्यामुळे एकाचा आकडा दुसऱ्याला पटत नसे. म्हणून किती व्यत्यय चालेल हे ठरवण्याइतकंच कशाने मोजायचं हे ठरवणं गरजेचं झालं.

प्रयोगशाळेत येणारी नवी मुलंमुली पहिल्या दिवशी विचारतात, "लिमिट किती?" प्रश्न बरोबरच आहे, पण तो दुसरा. पहिला प्रश्न असा: हा आकडा ज्या यंत्राने काढला, त्या यंत्राला तो काढायचा अधिकार आहे का? हा लेख त्या पहिल्या प्रश्नासाठी आहे.

पायरी १ : कोणतं मानक कशाचं, ते लावून घ्या

सिस्परच्या मानकांचे दोन गट मनात वेगळे ठेवा. एका गटात वस्तूंची मानकं आहेत: घरगुती उपकरणं आणि हत्यारांसाठी सिस्पर १४-१, दिव्यांसाठी १५, संगणक-टीव्ही-मल्टिमीडियासाठी ३२, औद्योगिक आणि वैद्यकीय उपकरणांसाठी ११, वाहनांतल्या सुट्या भागांसाठी २५. लिमिट यांत सापडतं.

दुसरा गट म्हणजे सिस्पर १६, आणि आपला विषय हाच. यात कोणत्याही वस्तूचं लिमिट नाही. १६-१ ची मालिका उपकरणांची आहे: १६-१-१ मध्ये मोजणारा रिसीव्हर, १६-१-२ मध्ये वायरीवरचा व्यत्यय मोजायला लागणारी जोडणीची साधनं, १६-१-३ मध्ये व्यत्ययाची पॉवर मोजणारा शोषक क्लॅम्प, १६-१-४ मध्ये अँटेना आणि चाचणीची जागा, १६-१-५ आणि १६-१-६ मध्ये अँटेनाचं कॅलिब्रेशन. १६-२ मालिकेत मोजण्याच्या पद्धती आहेत आणि १६-४ मध्ये अनिश्चिततेचा हिशेब.

हातात आलेल्या वस्तूचं मानक उघडलं की ते दर दोन पानांनी तुम्हाला १६ कडे पाठवतं. तिथे आवृत्तीचं वर्षही दिलेलं असतं, ते वाचा. १६-१-१ ची पाचवी आवृत्ती २०१९ ची आहे, पण तुमच्या वस्तूचं मानक जुन्या आवृत्तीचा हवाला देत असेल तर तीच धरायची. नवे लोक इथे सर्रास चुकतात.

भारतीय मानक ब्युरो सिस्परची बरीच मानकं भारतीय मानक म्हणून स्वीकारतं. दूरसंचार उपकरणांसाठी टीईसीची (सरकारच्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्राची) मागणी असते आणि तिचा पायाही हाच आहे. आपल्याकडे पवईचं समीर आणि पुण्याची एआरएआय या संस्थांचा या कामात मोठा अनुभव आहे. शिकताना त्यांचं चेंबर, म्हणजे बाहेरचा व्यत्यय अडवणारी चाचणीची खोली, पाहायची संधी मिळाली तर एक दिवस रजा टाकून जा.

पायरी २ : रिसीव्हर तपासा

इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्याचं मूळ इथेच आहे.

रिसीव्हर म्हणजे एका खिडकीतून एका वेळी थोडीशीच फ्रीक्वेन्सी पाहणारा रेडिओ. खिडकी जितकी रुंद तितका जास्त व्यत्यय आत येणार, म्हणून तिची रुंदी मानकाने पक्की केली आहे. ९ ते १५० किलोहर्ट्झच्या ए बँडमध्ये २०० हर्ट्झ. १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झच्या बी बँडमध्ये ९ किलोहर्ट्झ. ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झच्या सी आणि डी बँडमध्ये १२० किलोहर्ट्झ. त्याच्या वर १ मेगाहर्ट्झ. १ गिगाहर्ट्झपर्यंत ही रुंदी ६ डीबी (डेसिबल) खाली, म्हणजे सिग्नल निम्म्यावर येतो तिथे, मोजायची. साध्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरचे (फ्रीक्वेन्सीनुसार सिग्नलचा ग्राफ काढणाऱ्या यंत्राचे) फिल्टर बहुधा ३ डीबी खाली मोजलेले असतात आणि १०, १०० किलोहर्ट्झ अशा गोल आकड्यांचे असतात. स्क्रीनवर ग्राफ छान दिसतो, पण तो सिस्परचा आकडा नसतो. यंत्राच्या मेनूत 'ईएमआय' (विद्युतचुंबकीय व्यत्यय) किंवा 'सिस्पर' असा वेगळा फिल्टर आहे का, ते पाहा.

आता डिटेक्टर. पीक डिटेक्टर सर्वांत उंच टोक पकडतो, अ‍ॅव्हरेज सरासरी काढतो. या दोघांच्या मधे आहे क्वासी-पीक, आणि सुरुवातीचा बल्ब आणि फ्रिज याच्याच पोटात बसले आहेत.

तळाला बारीक भोक असलेला रांजण डोळ्यांसमोर आणा. वरून ओतलेलं पाणी झटकन भरतं, भोकातून मात्र हळूहळू गळतं. क्वासी-पीक डिटेक्टरमधला कपॅसिटर असाच वागतो. बी बँडमध्ये तो भरण्याचा कालस्थिरांक १ मिलिसेकंद आणि रिकामा होण्याचा १६० मिलिसेकंद आहे. बल्बाचा व्यत्यय मेन्सच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला येतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, दर १० मिलिसेकंदांनी. रांजण गळायच्या आत पुढची कळशी ओतली जाते, पातळी वरच राहते आणि मीटर मोठा आकडा दाखवतो. सेकंदाला एकदाच येणारा ठोका मात्र गळून जातो. मानकात याचं कोष्टकच आहे: बी बँडमध्ये सेकंदाला १०० ठोके हा संदर्भ धरला, तर सेकंदाला एकाच ठोक्याने तेवढंच रीडिंग यायला तो ठोका २२.५ डीबी मोठा असावा लागतो. माणसाच्या कानाला होणारा त्रास यंत्रात उतरवायची ही युक्ती मला अजूनही फार सुंदर वाटते.

पण ती युक्ती नीट चालायची तर रिसीव्हरच्या पुढच्या भागाने ते मोठे, क्वचित येणारे ठोके न चेपता आत घ्यायला हवेत. त्यासाठी रिसीव्हरमध्ये प्रीसिलेक्टर असतो, म्हणजे आधीच गाळून घेणारे फिल्टर. ज्या अ‍ॅनालायझरमध्ये तो नाही, तो सेकंदाला २० हून जास्त ठोके असलेल्या व्यत्ययासाठीच वापरता येतो. विकत घेताना किमतीखालोखाल हेच विचारा. आणि साध्या साइन सिग्नलसाठी १ गिगाहर्ट्झपर्यंत यंत्राची चूक २ डीबीच्या आत हवी, हीसुद्धा १६-१-१ चीच अट.

एफएफटीवर, म्हणजे अनेक फ्रीक्वेन्सी गणिताने एकदम वेगळ्या काढण्याच्या पद्धतीवर, चालणाऱ्या रिसीव्हरना २०१० च्या दुरुस्तीपासून मान्यता आहे, त्यामुळे "हे डिजिटल आहे, चालेल का?" ही भीती सोडा. कोष्टकातले आकडे तो पाळतो का, एवढंच पाहायचं.

पायरी ३ : लिसन जोडा, पण अर्थिंग आधी

वस्तूच्या मेन्सच्या वायरीवरून बाहेर पडणारा व्यत्यय मोजायला लिसन लागतो. प्रत्येक घरातलं वायरिंग वेगळं, म्हणून मेन्सचा इम्पीडन्सही (एसी करंटला होणारा अडथळा) वेगळा. लिसन प्रत्येक प्रयोगशाळेत वस्तूसमोर एकसारखंच 'घर' उभं करतो: ५० ओहमला समांतर ५० मायक्रोहेन्री. इम्पीडन्सला २० टक्क्यांची सूट आहे, आणि त्याचा कोनही ११.५ अंशांच्या आत लागतो. वाहनांच्या कामात, म्हणजे सिस्पर २५ मध्ये, ५० ऐवजी ५ मायक्रोहेन्रीचा लिसन असतो, कारण गाडीतली वायर काही मीटरचीच. चाकण-पिंपरीच्या कंपन्यांमध्ये काम करणाऱ्यांनी दोन्ही लिसनवर ठसठशीत लेबल लावा. बाहेरून ते सारखेच दिसू शकतात.

यानंतरचं वाक्य दोनदा वाचा. लिसन आधी अर्थ करा, मगच प्लग लावा. काढताना आधी प्लग, मग अर्थ. ९ किलोहर्ट्झपासून चालणाऱ्या नेहमीच्या लिसनमध्ये फेज आणि अर्थ यांच्यात साधारण १२ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर असतात. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला त्यातून पाऊण अँपियरहून जास्त करंट सतत अर्थमध्ये वाहतो. अर्थ सुटलेली असेल तर लिसनचं धातूचं खोकं जिवंत होतं आणि हात लावणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. याच करंटमुळे घरगुती ईएलसीबी लगेच ट्रिप होतो. 'वायर काढली की ट्रिप होत नाही' म्हणून अर्थ काढणारी माणसं मी पाहिली आहेत. तसं कधीही करू नका. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा.

मांडणी अशी: टेबलावरची वस्तू धातूच्या उभ्या पत्र्यापासून ४० सेंटिमीटर, लिसनपासून ८० सेंटिमीटर. टेप घेऊन मोजा, नजरेने नको. लिसनचं खोकं ग्राउंड प्लेनला (अर्थ केलेल्या धातूच्या पत्र्याला) रुंद पट्टीने, शक्य तितक्या आखूड अंतरात जोडा.

त्या पट्टीवरून मी एक गोष्ट शिकलो. सुरुवातीच्या दिवसांत एका अ‍ॅडॉप्टरचं रीडिंग आमच्याकडे २४ मेगाहर्ट्झच्या आसपास दुसऱ्या प्रयोगशाळेपेक्षा ७ डीबीने वेगळं येत होतं. रिसीव्हर बदलला, केबल बदलल्या, फरक पडेना. दोन दिवसांनी मी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली पाहिलं. कोणीतरी सोयीसाठी लिसन थोडा मागे सरकवला होता आणि पट्टी पुरेना म्हणून साधारण ६० सेंटिमीटरची गोल हिरवी वायर जोडली होती. ती जिथे बोल्टने आवळली होती, तिथल्या पत्र्यावर रंग होता. मल्टिमीटर ०.३ ओहम दाखवत होता, म्हणजे डीसीला सगळं ठीक. पण ६० सेंटिमीटर वायरचं इंडक्टन्स ०.६ मायक्रोहेन्रीच्या आसपास धरलं, तर २४ मेगाहर्ट्झला ते ९० ओहम भरतं. जिथे सगळं मोजमाप ५० ओहमवर उभं, तिथे अर्थच ९० ओहमवर लोंबकळत होती. पॉलिशपेपरने रंग खरवडला, वाटीसारखा लख्ख धातू दिसेपर्यंत घासला, तांब्याची तळहाताएवढी रुंद पट्टी आवळली आणि फरक १ डीबीच्या आत आला. तेव्हापासून सकाळी आल्यावर मी रिसीव्हर चालू करायच्या आधी तो बोल्ट हाताने हलवून बघतो.

पायरी ४ : आधी पीकने चाळा, मग क्वासी-पीकने मोजा

क्वासी-पीकचा रांजण भरायला-गळायला वेळ लागतो, म्हणून यंत्राला प्रत्येक फ्रीक्वेन्सीवर थांबावं लागतं. बी बँडमध्ये मेगाहर्ट्झमागे २०० सेकंद या हिशेबाने पूर्ण बँडला १ तास ३९ मिनिटं लागतात. ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झला ५ तास २३ मिनिटं. एवढा वेळ कोणाकडे आहे?

म्हणून आधी पीकने झटपट चाळणी करायची. पीकचं रीडिंग क्वासी-पीकपेक्षा कधीच कमी नसतं आणि अ‍ॅव्हरेज सर्वांत खाली असतं. पीकचा ग्राफ अ‍ॅव्हरेजच्या लिमिटखालीच राहिला तर काम झालं. वर गेला तर फक्त ती शिखरं निवडा आणि तिथे क्वासी-पीक आणि अ‍ॅव्हरेजने मोजा. चाळणी मात्र घाईची नको. वस्तूचा व्यत्यय थांबून थांबून येणारा असेल, उदाहरणार्थ वॉशिंग मशीनची मोटर उलटसुलट फिरते तेव्हा, तर झटपट स्कॅन नेमका मधल्या शांततेत त्या फ्रीक्वेन्सीवरून निघून जातो. एकाच जागी १५ सेकंद थांबून सुई किंवा बार हलतो का पाहा. हलत असेल तर सगळ्यांत मोठं रीडिंग लिहा. फेज आणि न्यूट्रल, दोन्हींवर मोजा.

पायरी ५ : आकडा पूर्ण करा आणि त्याच्यावर संशय घ्या

स्क्रीनवर दिसतो तो रिसीव्हरच्या तोंडाशी आलेला आकडा. वस्तूपासून तिथवर येताना वाटेत जे कमी झालं ते परत मिळवायचं. समजा रीडिंग ३५.१ डीबी मायक्रोव्होल्ट आहे. लिसनचा फॅक्टर ०.२, केबलचा तोटा ०.४, रिसीव्हर वाचवायला लावलेल्या ट्रान्झियंट लिमिटरचा १०.१. बेरीज ४५.८. सिस्पर ३२ च्या क्लास बी मध्ये (घरगुती वापराच्या वस्तूंच्या गटात) ५०० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झपर्यंत अ‍ॅव्हरेजचं लिमिट ४६ आहे, म्हणजे साधारण २०० मायक्रोव्होल्ट, आणि क्वासी-पीकचं ५६. आपला आकडा अ‍ॅव्हरेजचा असेल तर पास, पण केसाच्या अंतराने. लिमिटरचे १० डीबी सॉफ्टवेअरमध्ये भरायला विसरलं की नापास वस्तू दिमाखात पास होते. हे विसरणं फार सोपं आहे.

आणि प्रत्येक मोठ्या शिखरावर ही एक परीक्षा घ्या: रिसीव्हरचं अ‍ॅटेन्युएशन (आत येणारा सिग्नल मुद्दाम घटवणं) १० डीबीने वाढवा. रिसीव्हर ते हिशेबात धरूनच आकडा दाखवतो, त्यामुळे रीडिंग बदलता कामा नये. बदललं, तर रिसीव्हरचा पुढचा भाग चेपला जातोय आणि दिसणारं शिखर खोटं असू शकतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण याने किती फुकटच्या फिल्टर-डिझाइन वाचल्या ते मी सांगू शकणार नाही.

शेवटी वस्तू बंद करा आणि तसंच मोजा. शिखर अजूनही उभं असेल तर ते तुमच्या वस्तूचं नाही. पुण्यात शील्डिंगशिवाय मोजताना ७९२ किलोहर्ट्झला एक ठाम रेघ दिसली, तर ती आकाशवाणी आहे.

पायरी ६ : हवेतला व्यत्यय, म्हणजे अँटेना आणि जागा

३० मेगाहर्ट्झच्या वर व्यत्यय वायर सोडून हवेतून जायला लागतो. इथे हिशेब तोच: रीडिंग, अधिक अँटेना फॅक्टर (अँटेनाच्या व्होल्टेजवरून हवेतलं क्षेत्र काढायचा आकडा), अधिक केबल. १०० मेगाहर्ट्झला रीडिंग १४.६, अँटेना फॅक्टर १२.३, केबल १.६ असेल तर क्षेत्र २८.५ डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. क्लास बी मध्ये १० मीटर अंतरावर २३० मेगाहर्ट्झपर्यंत ३० आणि त्याच्या वर १ गिगाहर्ट्झपर्यंत ३७ हे लिमिट आहे. ३ मीटरवर मोजलं तर ४० आणि ४७. कोणत्या अंतराचा आकडा ते न लिहिता दिलेलं रीडिंग निरर्थक आहे.

इथे खोलीच यंत्राचा भाग होते. जमिनीवरून परावर्तित झालेली लहर थेट आलेल्या लहरीत मिसळते आणि अँटेनाच्या उंचीनुसार दोघी एकमेकींना वाढवतात किंवा पुसतात. म्हणून अँटेना १ ते ४ मीटर उंचीपर्यंत वरखाली न्यायचा, वस्तू ८० सेंटिमीटर उंच टेबलावर पूर्ण फिरवायची आणि मोठ्यात मोठं रीडिंग घ्यायचं, आडव्या आणि उभ्या दोन्ही ध्रुवीकरणांत. ती जागा चांगली आहे की नाही हे १ गिगाहर्ट्झखाली दोन अँटेनांमधल्या प्रमाणित क्षीणनावरून, म्हणजे एकीकडून दुसरीकडे जाताना सिग्नल किती घटतो त्यावरून, ठरतं. मोजलेलं आणि सैद्धांतिक यांत ४ डीबीहून जास्त फरक नको. चेंबर भाड्याने घेताना हा अहवाल मागा. संकोच करू नका, चांगली प्रयोगशाळा तो आनंदाने दाखवते.

मोकळ्या मैदानातली चाचणी शहराजवळ आता अवघड झाली आहे. आजूबाजूचा गोंगाट लिमिटच्या किमान ६ डीबी खाली हवा आणि ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये एफएम स्टेशनं ते होऊ देत नाहीत.

लिमिट पाळलं म्हणजे सगळीकडे चालेल असं मात्र समजू नका. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी दुर्बीण आहे. ती मीटर लहरींवर आकाशातले अतिशय क्षीण सिग्नल ऐकते. सिस्परचं लिमिट शेजारच्या घरातला रेडिओ वाचवायला आहे. त्या दुर्बिणीच्या परिसरात तेवढ्याने भागत नाही.

पायरी ७ : कागद वाचा

दोन कागद. पहिला अनिश्चिततेचा. सिस्पर १६-४-२ मध्ये लिसनने १५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ मोजण्यासाठी ३.४ डीबी आणि ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ क्षेत्र मोजण्यासाठी ६.३ डीबी हे संदर्भ आकडे आहेत. तुमच्या प्रयोगशाळेची अनिश्चितता यांच्या आत असेल तर रीडिंग थेट लिमिटशी ताडा. बाहेर असेल तर जेवढी जास्त तेवढी रीडिंगमध्ये मिळवा आणि मग ताडा. ग्राहक याबद्दल वाद घालतो, त्याला हे शांतपणे दाखवा.

दुसरा कागद रिसीव्हरच्या कॅलिब्रेशनचा. सर्टिफिकेटवर एनएबीएलचा (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या मंडळाचा) शिक्का आणि साइन सिग्नलच्या पातळ्यांचं एक पान पाहून पुष्कळजण फाइल मिटतात. पुढे उलटा. खिडकीची ६ डीबी रुंदी मोजली आहे का? क्वासी-पीकच्या ठोक्यांचं कोष्टक, सेकंदाला १००० पासून (ए बँडमध्ये १०० पासून) एकट्या ठोक्यापर्यंत, प्रत्येक बँडसाठी भरलं आहे का? ते पान नसेल तर त्या रिसीव्हरला बल्ब आणि फ्रिज यांतला फरक कळतो की नाही, हे कोणीही तपासलेलं नाही. सर्टिफिकेट परत पाठवा आणि ते पान मागून घ्या.